युनो वकील

भिवंडीच्या कोर्टात बाळाराम केणे सरांना त्यांच्या खऱ्या नावानं फार थोडे लोक ओळखत. पट्टेवाल्यापासून कॅन्टीनच्या शेट्टीपर्यंत सगळे त्यांना ‘युनो वकील’ म्हणायचे. “युनो आले का?” “युनो तारखेला उभे आहेत.” नव्या अशिलाला ते आडनावच वाटे. एका गोदामवाल्यानं तर पाकिटावर ‘श्री. युनोसाहेब, वकील’ असं लिहून पाठवलं होतं. सरांनी ते निमूटपणे फोडलं आणि उत्तराखाली नेहमीसारखी ‘बा. ध. केणे’ अशी सही ठोकली.

नाव पडायचं कारण असं, की सर सकाळच्या बॅचला लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. आता भिवंडीतली वकिली म्हणजे काय? परत आलेले चेक, न निघणारे भाडेकरू, गोदामात भिजलेला माल, पॉवरलूमच्या मीटरमधली वीजचोरी. तिथं जिनिव्हा करार कोणाला हवाय? आम्ही पोरंपोरी त्या पेपरला बसायचो ती पास होण्यापुरती, आणि सर शिकवायचे असे, की उद्या सकाळी आमच्यातलाच कुणीतरी उठून हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जाणार आहे.

सर भिवंडीलगतच्या वडपे गावचे आगरी. उंच, काळे, हाडापेरानं मोठे. काळा कोट अंगात कमी आणि खांद्यावर जास्त. खाडीचे निवटे मासे विकायला दिसले की अशिलाला तसंच उभं ठेवून घासाघीस करायचे. वर्गात भाषा पुस्तकी, पण एखादा मुद्दा डोक्यात चढला की वडप्याची बोली बाहेर यायची आणि मग आम्हाला खरं कळायला लागायचं.

त्यांचा पहिलाच तास मला आठवतो. खडू उचलून त्यांनी फळ्यावर ‘दहशतवाद’ एवढंच लिहिलं आणि म्हणाले, “व्याख्या सांगा.”

मी पुढच्या बाकावर बसणारी, तोंडाळ. म्हटलं, “लोकांत धाक बसवण्यासाठी निरपराध माणसांना मारणं.”

“एखाद्या देशाच्या सैन्यानं गावावर बॉम्ब टाकला तर?”

“सैन्य सोडून, सर.”

“बरं, सोडलं. मग स्वतःचा मुलूख सोडवायला लढणारा कोण? आपल्याकडच्या क्रांतिकारकांना इंग्रज काय म्हणत होते?”

मी बसले. माझ्यामागं आणखी चारपाचजण उठले नि बसले. सरांनी फळा पुसला. “लाजू नका. जगातले देश वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसलेत, त्यांनाही सगळ्यांना पटेल अशी व्याख्या जमलेली नाही. मग करतात काय? आख्खा घोळ मासा तोंडात जात नसेल तर तुकडे पाडायचे. विमान पळवलं, एक करार. माणसं ओलीस धरली, दुसरा. बॉम्ब ठेवला, तिसरा. पैसा पुरवला, चौथा. आणि प्रत्येक करारात एक कलम असतंच असतं, ते पाठ करा.” मग ते कलम त्यांनी इंग्रजीत वाचलं, मराठीत सांगितलं, आमचे चेहरे पाहिले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, “दे न्हायतर चालव! पलून आलेला मानूस तुज्या घरात सापडला, तर एकतर त्याला मागनाऱ्याच्या ताब्यात दे, न्हायतर तुज्या कोर्टात त्याच्यावर खटला चालव. घरात निजवून ठेवायचा न्हाय.” वर्ग खो खो हसला. त्या वर्षी त्या प्रश्नात कोणीही नापास झालं नाही.

त्याच तासाला मागून एकानं विचारलं, “सर, बॉम्ब ठेवणाऱ्याला एवढे लाड कशाला? गोळी घालून मोकळं व्हावं.” सर हातातला खडू बोटांनी मोडत राहिले आणि तास संपायच्या आधीच निघून गेले. मला वाटलं, माणूस जरा नाटकी दिसतो.

खरं काय ते पुढं कळलं, मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा. कोर्टासमोरच्या एका गाळ्यात सर आणि ॲडव्होकेट रफीक खोत एकच केबिन वाटून बसत. रफीकभाई जुन्या कोकणी मुसलमान घरातले, जमिनीचे दावे चालवणारे, गोड बोलणारे आणि पेंगणारे. सर बाहेर गेलेले पाहून ते मला म्हणाले, “सुवर्णा, त्याला कमलाकरबद्दल कदी विचारू नकोस हां. पाठचा भाऊ. टेम्पो होता त्याचा. आपल्या हितलं ग्रे कापड, बिनरंगवलेलं, मुंबईच्या मार्केटात टाकायचा. एक दिवस माल उतरवत होता आणि शेजारच्या गाडीत स्फोट झाला. मी होतो बाळारामबरोबर ओळख पटवायला. चावीच्या कीचेनवरून पटली, बाई. दुसरं ओळखण्यासारखं काय राहिलं नव्हतं.”

पोलिसांचं म्हणणं असं, की स्फोटकं भिवंडीतल्याच एका गाळ्यातून गेली. गाळा ज्यानं भाड्यानं घेतला होता तो माणूस स्फोटानंतर देश सोडून गेला आणि काही वर्षांनी युरोपात एका देशात सापडला. स्फोटापर्यंत सर साधे वकील होते, चेक आणि भाडेकरूवाले. भाऊ गेल्यावर त्यांनी चाळिशीत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. मुलगी दहावीला आणि बाप परीक्षेला. लोक हसले, त्यातूनच ‘युनो’ आलं. भाऊ मारणाऱ्याला परत कसं आणतात एवढंच त्यांना शिकायचं होतं. हे ऐकल्यावर मी त्यांना त्या नावानं हाक मारणाऱ्या दोघातिघांशी भांडले. सरांनीच मला गप्प केलं. “म्हणू दे. नाव वाईट नाही.”

वडप्याच्या त्यांच्या घरी मी बऱ्याचदा गेले. चहूकडून गोदामांचे पत्रे, मध्ये ते कौलारू घर, आणि ओट्यावर सरांची आई. तिला सगळे आय म्हणत. सर गेटातून आत आले की पाणी मिळायच्या आधी प्रश्न यायचा, “आनला का रं त्याला?”

आणि सर तिला खरंच सविस्तर सांगायचे. तिकडच्या कोर्टात अर्ज कुठवर आलाय, वकिलानं काय हरकत घेतली, सगळं. दुसरा कोणी असता तर ‘येतोय गो, येतोय’ म्हणून वेळ मारून नेली असती. फाशीची गोष्ट तर त्यांनी माझ्यादेखत काढली.

“आय, त्या देशात फाशी न्हाय. आपन फाशी देनार न्हाय असं लिवून दिलं तरच ते त्याला देतील.”

आयनं तांदळातला एक खडा काढून बाहेर टाकला. “मंग आनून काय पूजा करतंस त्याची?”

“खटला चालंल. जन्मभर आत जाईल.”

“माजा कमल्या जन्मभर गेला, त्याचं?” आयनं सूप बाजूला ठेवलं. “बरं. दे लिवून. आन त्याला. फासावं नको चढवू, पन मना त्याचं तोंड बघू दे. त्याला इचारीन, माज्या पोरानं तुजं काय केलतं?”

एवढंच त्या घराचं मागणं उरलं होतं. त्या माणसाला भारतातल्या कोर्टात उभा पाहायचा. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं होतं.

मध्ये देशात दुसरीकडे कुठंतरी मोठा हल्ला झाला. गावातली पोरं तापून सरांकडे आली. गोदामं मुसलमानांना भाड्यानं द्यायची नाहीत असा ठराव करायचा, मसुदा सरांनी लिहायचा. ज्याचा भाऊ गेला त्याच्या हातचा मसुदा म्हणजे वजन आलं. सर म्हणाले, “लिवतो. पयलं नाव रफीक खोताचं घालू. कमल्याला खांदा दिलान त्यानं, त्याला आधी काढू गावातून.” पोरं चुळबुळली. एकजण म्हणाला, “रफीकभाईंचं कुठं बोलतोय आम्ही?” “मंग कुनाचं? नाव सांग, गुन्हा सांग.” चहा पिऊन पोरं गेली. ठराव झाला नाही. काहींनी मात्र पुढं सरांना रामराम घालणं सोडलं.

मग तो दिवस आला. तपासयंत्रणेचा एक अधिकारी केबिनमध्ये आला. तरुण, नीटनेटका, मनापासून काम करणारा. तिकडच्या कोर्टानं पुराव्यावर शंका काढल्या होत्या. बाकी सगळे कबुलीजबाब पोलिसांपुढचे, ते तिकडं चालेनात. आता भार एकाच साक्षीवर होता, गाळ्यातल्या हमालाच्या. “सर, तुमच्याएवढा हा कायदा इथं कोणाला कळतो? उत्तर पाठवण्याआधी एकदा नजर टाका.”

सरांनी इंग्रजी भाषांतर वाचलं. मग मूळ जबाब मागितला, हमाल जसा बोलला तसा उतरवलेला. त्यात होतं, ‘सेठने पावडरकी गोणियां गाडी में भरवायी.’ भाषांतरात होतं, स्फोटक पावडरच्या गोणी.

सर म्हणाले, “ही ‘स्फोटक’ कुठून आली?”

“भाषांतर दिल्लीत झालं, सर. तिथं कोणीतरी अर्थ स्पष्ट केला असेल.”

दिल्लीतल्या माणसाला पावडर म्हणजे बॉम्बचीच वाटणार, त्याचा काय दोष? पण भिवंडीत लूमवर चढण्याआधी सुताला खळ देतात, आणि त्या खळीच्या पिठाला सायझिंगच्या कारखान्यांत सगळे पावडरच म्हणतात. इथं गल्लोगल्ली पावडरच्या गोणी उतरतात. मलाही ते तेव्हाच कळलं. रफीकभाईंची पेंग उडाली होती.

“हमालाला विचारायला हवं,” सर म्हणाले, “पण मी एकटा जाणार नाही. साक्षीदार आहे तो. तुम्ही चला.”

मीही गेले. हमाल म्हातारा झालेला, मुलाच्या पानटपरीवर बसलेला. अधिकाऱ्यानंच विचारलं, “चाचा, वो पावडर कौनसी थी?”

“कौनसी मतलब? कांजीवाली साहब. सूतको लगाते हैं वो. और कौनसी होती है?”

“पक्का? गोणी तो बंद थी ना?” अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं.

“एक फटी थी ना. मेरेपे गिरी, ऊपरसे बारिश. कमीज सूखके पापड हो गयी. बीवी हसती थी, के खडी कर दो तो खडी रहेगी.” तो हसला. मग आमचे चेहरे पाहून हसायचा थांबला. “क्यूं साहब, मैंने कुछ गलत बोला?”

“नाही चाचा,” सर म्हणाले, “बरोबर बोललास.”

आम्ही परतलो. केबिनमध्ये आल्यावर अधिकाऱ्यानं दार लावलं. “सर, तुम्हाला काय वाटतं, तोच होता की नाही?”

“तोच होता,” सर म्हणाले. “मला शंका नाही. पावडरचा धंदा दाखवायला होता, बाकीचं दुसऱ्या गाडीनं गेलं असणार.”

“मग झालं! इथं आणू, इथल्या कोर्टात काय ते सिद्ध करू. भाषांतर आहे तसं राहू दे. कोणाला कळणार आहे? सर, तुमचा सख्खा भाऊ गेलाय.”

“तुम्ही मला याची आठवण करून द्यायची गरज नाही.” सरांचा आवाज चढला आणि बोली उतरली. “आपन त्यांना सांगायचं, हा पुरावा हाय, आनि तो खलीचा पीठ निघायचा? उद्या दुसरा कोन पलून गेला, त्याला मागायला कुनाच्या तोंडानं जाल? आपल्या कागदाला कोन हात लावंल? दुरुस्त करा. न्हाय केलात तर मी तुमच्या वरच्यांना कलवीन.”

अधिकारी रफीकभाईंकडे वळला. रफीकभाई म्हणाले, “मी काय बोलू? कमलाकर माझ्याही मांडीवर खेळलाय. पण पावडर ती पावडरच आहे, साहेब.”

मला विचाराल तर मी गप्प बसले असते. आजही हे सांगताना मला सरांचा राग येतो. एका शब्दानं काय बिघडत होतं? तो माणूस निर्दोष आहे असं सर स्वतःही म्हणत नव्हते. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, “सुवर्णा, भाऊ माझा गेला. खोटं मला त्याच्या नावावर टाकायचं नाही.” आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी आणि रफीकभाई बाहेर जाऊन उभे राहिलो.

अधिकारी सरळ माणूस होता. दुरुस्ती गेली. काही महिन्यांनी तिकडच्या कोर्टानं मागणी फेटाळली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. तो माणूस सुटला. सरांनी मग दुसरं टोक धरलं: देत नाही ना, मग तुमच्याकडे चालवा. आपल्या सरकारकडे अर्ज, तिकडच्या सरकारकडे अर्ज, मुदतवाढी, स्मरणपत्रं. उत्तर आलं ते फार सभ्य भाषेत आलं. आमच्या अधिकाऱ्यांनी प्रकरण तपासलं, खटला चालवण्याइतका पुरावा दिसत नाही. देणंही नाही आणि चालवणंही नाही, आणि दोन्ही अगदी कायद्याला धरून. तो सगळा कायदा सरांनी आम्हाला पाठ करून घेतला होता, आणि त्यात या घरासाठी काहीच निघालं नाही.

आयला सांगायला सर स्वतः गेले. रफीकभाई म्हणत होते, निदान तुझ्या दुरुस्तीचं सांगू नकोस, नुसतं सुटला म्हण. ऐकतील तर ते केणे कसले?

“आय, तो सुटला. न्हाय येनार.”

“का?”

सरांनी सांगितलं. पावडरीसकट सगळं.

आयच्या हातात पितळी होती, सरांसाठी वाढलेली. ती तिनं खाली ठेवली, अगदी हळू. “म्हंजे तुज्या सांगन्यानं सुटला?”

“व्हय.”

“दुसऱ्या कुनी सोडवला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या,” आय म्हणाली. “तुला काय घालू?” आणि आत निघून गेली.

त्यानंतर ती जगली, बरीच वर्षं जगली, पण सरांशी बोलली नाही. जेवण द्यायची, आजारी पडले तर कपाळावर हात ठेवायची, पण शब्द नाही. काही सांगायचं असलं तर सुनेला, सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना सांगायची, सर शेजारी बसलेले असताना. सर तरीही रोज कोर्टातून आले की ओट्यावर तिच्यासमोर बसायचे आणि दिवसभराचं सांगायचे. ती दुसरीकडे बघत असायची. उठून मात्र जात नसे.

आय गेली तेव्हा शेवटी तिनं डोळे उघडून कमलाकरला हाक मारली, असं वहिनींनी सांगितलं. सर पायाशीच बसले होते.

दहाव्याला आम्ही कोर्टातली माणसं कामवारी नदीच्या काठावर गेलो होतो. सरांचं डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा, एकदम म्हातारे दिसत होते. पिंड मांडला आणि सगळे मागं सरले. कावळे होते, समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर ओळीनं बसलेले. एकही खाली येईना. ऊन तापलं. कोणी म्हणालं, नातवंडांचं सांगा, सर म्हणाले, “आय, पोरांना संबालीन.” नाही. वहिनींचं सांगितलं, घर विकणार नाही हे सांगितलं. कावळे जागचे हलले नाहीत.

शेवटी सरांचे चुलते पुढं झाले. सगळ्यांच्या मनात होतं ते त्यांनी बोलून टाकलं. “बालाराम, ती कशात अडकलीय ते तुला ठावं हाय. बोल, त्याला आनीन. कमल्याच्या मारेकऱ्याला आनीन म्हन. लगेच शिवंल.”

“बोल, दादा,” मागून पाचसहा आवाज आले. “बोलून टाक. नुसतं बोलायचं तर हाय.”

सरांनी हात जोडले. ओठ हलले. रफीकभाई माझ्या शेजारी गाडीला टेकून उभे होते, तेही पुटपुटले, “बोल, बाळाराम. मेलेल्या आईला बोलायला काय जातं?”

मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

“आय,” सर म्हणाले. खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “आय, त्याला न्हाय आनता येनार. मना न्हाय जमलं. मना माफी कर.”

कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. चुलते पाय आपटत मागं गेले. भटजींनी आणखी थोडी वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववून विधी उरकला. असं चालतं, शास्त्रात सोय आहे. माणसं हातपाय धुऊन जेवायला निघाली.

पुढं लवकरच माझी बदली झाल्यासारखंच झालं. उशिरानं का होईना, लग्न होऊन मी नागपूरला गेले आणि वर्षाच्या आत सर गेल्याचा रफीकभाईंचा फोन आला. त्यामुळं शेवटचे सर मला दिसतात ते त्या काठावरचेच. त्या दिवशी गाडीत बसताना मी मागं वळून पाहिलं. विधी झाला होता, सगळे गेले होते, आणि सर एकटेच पिंडापासून थोडे दूर उन्हात बसले होते. एक कुत्रं पिंडाकडे येत होतं. सर उठले, हात हलवून त्याला हाकललं, आणि पुन्हा जागेवर बसून पत्र्यावरच्या कावळ्यांकडे बघत राहिले.